पंचाहत्तर अंश

कूलर बंद पडला तेव्हा साडेतीन वाजले होते. आधी पंखा थांबला, मग आतल्या पाण्याची टिपटिप थांबली आणि वनखात्याच्या नाक्यावरच्या त्या एका खोलीत बाहेरचं ऊन शिरल्यासारखं झालं.

“लाइन गेली,” वनपाल बारसागडे म्हणाले. त्यांनी बाहेर जाऊन छोटा जनरेटर सुरू केला. माझा लॅपटॉप त्याच्यावर चालला. कूलर लावून पाहिला, तर जनरेटर आचके द्यायला लागला, म्हणून कूलरची पिन काढावी लागली.

मी पडद्याकडे बघत होते. कूलरच्या वाऱ्यात मिनिटाला बारा फोटो तपासून होत होते. आता दहा झाले, आठ झाले, सहावर येऊन थांबले.

“याहून जलद होत नाही का?” बारसागड्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “फार गरम होतंय साहेब. गरम झालं की ते आपोआप हळू पडतं.”

“किती राहिले?”

“सोळाशेच्या वर.”

मिनिटाला सहा, म्हणजे सगळं संपायला रात्रीचे आठ वाजणार होते. पावणेसातला सूर्य मावळायचा.

उंबऱ्याशी दसरू कोडापे उकिडवे बसले होते. डोक्याला पांढरा दुपट्टा, अंगात बंडी. हरवली होती ती त्यांची बायको, रैनाबाई. पहाटे चारला गावातल्या बायकांबरोबर तेंदूची पानं तोडायला गेली होती. बाकीच्या बायका नऊ वाजता परतल्या, ती आली नाही. बायकांना वाटलं पुढे गेली असेल. घरच्यांना वाटलं मागे राहिली असेल. साडेअकराला दसरूभाऊ नाक्यावर आले, तेव्हा उन्हाचा पारा शेहेचाळीसच्या पुढे गेला होता.

मी तिथे असण्याचं कारण वेगळंच होतं. नाव ऋता देवपुजारी, राहणार नागपूर, तेव्हा वय सव्वीस. विद्यापीठाच्या एका प्रकल्पासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या जंगलात ड्रोननं फोटो काढून कुरणातली चितळं मोजण्याचं काम करत होते. फोटोतली जनावरं हुडकायला आम्ही एक प्रोग्राम तयार केला होता. कुरणात वनरक्षकही हिंडत असत आणि सुरुवातीला तो त्यांनाही चितळ म्हणून मोजायचा, म्हणून त्याला माणूस ओळखायलाही शिकवलं होतं. या एवढ्याशा गोष्टीमुळे बारसागड्यांनी मला बोलावून घेतलं.

“त्या भागात पिल्लांची वाघीण आहे,” ते म्हणाले होते. “माणसं सुटी सुटी पसरवता येत नाहीत. बारा जणांची एकच टोळी पाठवली आहे, डबे वाजवत. चार चौरस किलोमीटर त्यांनी कुठं कुठं बघायचं? तुम्ही नेमकी जागा सांगा, आम्ही तिथं जातो.”

उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा उपयोग नव्हता; जमीनच माणसाच्या अंगाहून तापलेली होती. म्हणून साधे फोटो काढले. सव्वा वाजल्यापासून तीनपर्यंत बॅटऱ्या बदलत पट्ट्यापट्ट्यानं अख्ख्या भागावरून ड्रोन उडवला. अठराशे चाळीस फोटो झाले. प्रत्येक फोटो तुकडे पाडून, बारीक तपासायचा होता; झाडाखाली बसलेलं माणूस वरून नखाएवढंही दिसत नाही. एवढं काम साध्या संगणकाच्या आवाक्यातलं नव्हतं. माझ्याकडचा लॅपटॉप गेम खेळायचा होता, मिहिरचा, माझ्या धाकट्या भावाचा. त्यात ताकदीचं ग्राफिक्स कार्ड होतं, आणि सगळा भार त्या कार्डावर होता.

पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसत होते. एक कार्डाचं तापमान, एक मिनिटाला होणारे फोटो. तापमान पंचाहत्तरला चिकटलं होतं.

दसरूभाऊ उठून आत आले. “मशीनले काय झालं, बाई?”

“गरम झालंय, भाऊ. हे पंचाहत्तर दिसतं ना, त्याच्यापुढे ते जात नाही. तिथं पोचलं की काम कमी करतं. थंड राहिलं तर जास्त काम करेल.”

“वारा पाहिजे त्याले.”

“हो.”

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. टेबलावर नाक्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नोंदीची लांबट, जाड पुठ्ठ्याची वही होती. ती त्यांनी उचलली आणि दोन्ही हातांनी धरून लॅपटॉपला वारा घालायला सुरुवात केली.

मी लॅपटॉपच्या दोन्ही कडांखाली एकेक वीट सरकवली, म्हणजे खालून हवा शिरेल. दाराची चटई ओली करून खिडकीला टांगली. बारसागड्यांनी माठातलं पाणी जमिनीवर शिंपडलं. थोड्या वेळानं सहाचे सात झाले, मग आठ.

“चौऱ्याहत्तर झालं,” दसरूभाऊ म्हणाले. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण आकडे ओळखत होते. “पुन्हा पंचाहत्तर.”

आणि ते जोरानं वारा घालू लागले.

प्रोग्रामला शंका आली की तो फोटोवर लाल चौकट काढून आवाज करायचा. पहिल्यांदा आवाज झाला तेव्हा दसरूभाऊंचा हात थांबला. मी फोटो मोठा केला. वाळलेल्या पानांच्या ढिगाशेजारी एक खोडाचा ठोकळा होता.

“नाही,” मी म्हटलं.

ते पुन्हा वारा घालू लागले. दुसऱ्या वेळी माकडं निघाली. तिसऱ्या वेळी फाटलेलं पोतं. चौथ्या वेळी त्यांनी हात थांबवलाच नाही, नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

बारसागडे वायरलेसवर टोळीशी बोलत होते. त्यांना नोकरीत तीस वर्षं होऊन गेली होती आणि आवाज कधी चढत नसे. दर दहा मिनिटांनी ते बाहेर जाऊन जनरेटरमधलं तेल बघून येत.

“दे, थोडा वेळ मी घालतो,” ते दसरूभाऊंना म्हणाले.

“नाई साहेब.”

“हात भरून येतील.”

“येऊ द्या.”

चार वाजले. खोलीत धड श्वास घेता येत नव्हता. माझ्या कोपरांखाली टेबल ओलं झालं होतं. मशीनचे पंखे किंचाळत होते. मिनिटाला आठ, कधी नऊ. मी आकड्यांवरची नजर काढत नव्हते, पण मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती रैनाबाईंची नव्हती.

चार वाजून अठरा मिनिटांनी वायरलेस खरखरला. टोळीतला वनरक्षक बोलत होता. तोडलेल्या पानांचे पुडे सापडले होते. शेजारी चप्पल आणि पाण्याची बाटली.

“बाटलीत पाणी आहे का?” बारसागड्यांनी विचारलं.

“भरलेली आहे साहेब. झाकण उघडलेलंच नाही. घाईत पळाल्यासारखं वाटते. वाघिणीच्या पंजांचे ठसे आहेत बाजूला.”

“रक्त?”

“नाही. ओढल्याची खूण नाही. पण बाई कुठं गेली ते समजत नाही. जमीन टणक आहे.”

बारसागड्यांनी वायरलेस खाली ठेवला आणि दसरूभाऊंकडे न बघता म्हणाले, “जिवंत पळाली आहे. पण पाणी जवळ नाही. पहाटेपासून नाही.”

दसरूभाऊ वारा घालत होते. वहीचा पुठ्ठा एका कोपऱ्यात उसवला होता.

“बाई,” ते म्हणाले, “थोडं पळवा न त्याले.”

मी एक खिडकी उघडली. कार्डाच्या तापमानाची मर्यादा ठरवायची ती खिडकी. तिथे पंचाहत्तर लिहिलं होतं. ते खोडून मी सत्त्याऐंशी केलं.

ती मर्यादा कार्डाची नव्हती. मिहिरनं घातलेली होती. आदल्या उन्हाळ्यात मी त्याचा पहिला लॅपटॉप याच कामासाठी नेला होता आणि तीन दिवसांत तो जळाला होता. आतली जाळी धुळीनं बुजली होती, मी पाहिलंही नव्हतं. त्यात त्याचं काम होतं, त्यानं काढलेले लग्नांचे व्हिडिओ होते, ते गेले. तो सहा महिने माझ्याशी धड बोलला नाही. या वेळी लॅपटॉप देताना त्यानं सगळं साफ करून दिलं, मर्यादा घातली आणि एवढंच म्हणाला, “ताई, पंचाहत्तरच्या वर नेऊ नकोस.” मी शब्द दिला. बनवणाऱ्यांच्या हिशेबानं कार्ड सत्त्याऐंशीपर्यंत चालतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. बारसागड्यांनी विचारलं, याहून जलद होत नाही का, तेव्हाही ठाऊक होतं. मी नाही म्हटलं होतं.

आकडा हलला. सत्त्याहत्तर. ऐंशी. त्र्याऐंशी.

“बाई,” दसरूभाऊ घाबरून म्हणाले, “वाढून रायलं हे.”

“वाढू द्या.”

“पंचाहत्तरच्या पुढं गेलं न.”

“जाऊ द्या, भाऊ. तुम्ही वारा घालत राहा.”

शेजारचा आकडाही वाढत होता. बारा. सोळा. वीस. फोटो पडद्यावरून सरसर जाऊ लागले. बारसागडे माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“आता कसं काय पळायला लागलं?”

तापमान शहाऐंशीवर गेलं आणि तिथेच राहिलं. माझं एक बोट बंद करायच्या बटणापाशी होतं. मशीन विझलं तर पुन्हा सुरू करून सगळं जुळवायला किती वेळ जाईल याचा मी अंदाज करत होते आणि तो जमत नव्हता. जळका वास येतोय असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तो जनरेटरचा होता.

पाचला आठ मिनिटं कमी असताना आवाज झाला. फोटो क्रमांक बाराशे सतरा.

लाल चौकटीत मोहाच्या झाडाच्या सावलीची कड होती आणि त्या कडेवर निळं काहीतरी. मी मोठं केलं. निळ्याला पिवळा काठ होता.

दसरूभाऊंनी वही टेबलावर ठेवली. “तिचं लुगडं,” ते म्हणाले.

बारसागड्यांनी जागेचे आकडे वायरलेसवर तीनदा सांगितले आणि तीनदा परत म्हणवून घेतले. टोळीपासून जागा दोन किलोमीटरच्या आत होती, पण मधे नाला होता. ते स्वतः जीप घेऊन दुसऱ्या बाजूनं निघाले. दसरूभाऊ त्यांच्याबरोबर गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले. वारा घालून घालून त्यांचे हात इतके भरून आले होते की नीट जुळतही नव्हते.

मी एकटी उरले. करायला काही नव्हतं, तरी प्रोग्राम बंद केला नाही. वायरलेस तिथेच होता. पाच वाजून चाळीस मिनिटांनी बारसागड्यांचा आवाज आला.

“सापडली. श्वास चालू आहे. शुद्ध नाही. अंग भाजतं आहे नुसतं.”

मग मी लॅपटॉप बंद केला.

रैनाबाईंना आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून चंद्रपूरला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. उष्माघात. बारसागड्यांनी डॉक्टरांना विचारलं, “अर्धा-पाऊण तास आधी आणली असती तर?” डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही.” हे बारसागड्यांनीच मला फोनवर सांगितलं. ते कोणाला दोष देत नव्हते. लाइन गेली नसती तर, असं त्यांच्या मनात होतं.

मी मात्र मांडून पाहिलं. पहिल्यापासून मिनिटाला वीस गेले असते, तर बाराशे सतरावा फोटो चार वाजून सोळा मिनिटांनी आला असता. म्हणजे छत्तीस मिनिटं आधी.

लॅपटॉपला काहीही झालं नाही. मी मिहिरला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, तू मला फोन करून विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं का?” नाक्यावर रेंज होती. फोन खिशातच होता. तोही मला सुचला नव्हता, की सुचू दिला नव्हता, हे आजही सांगता येत नाही.

जूनमध्ये वनविभागाच्या एका कार्यक्रमात माझा शाल देऊन सत्कार झाला. काही तासांत जागा शोधली म्हणून चार चांगले शब्द बोलले गेले. मी शाल घेतली. बोलायला सांगितलं तेव्हा घसा बसलाय म्हटलं.

ऑगस्टात दसरूभाऊ चंद्रपूरच्या आमच्या प्रकल्पाच्या ऑफिसात आले. पायात चपला, हातात छत्री, सोबत कोणी नाही. मी खुर्ची पुढे केली. ते कडेवर टेकले.

“बाई, तो फोटो पाहिजे होता.”

“कुठला?”

“ती दिसली तो.”

मग त्यांनीच समजावलं. “घरी तिचा एकच हाय, रेशनकार्डावरचा. त्यात ती ओळखूच येत नाई. आणि हा शेवटचा हाय न. तवा ती होती जिवंत.”

फोटो दुपारी दोन वाजून चोवीस मिनिटांनी काढलेला होता. मी तो उघडला. त्या दिवशी आम्ही निळं लुगडं बघून थांबलो होतो, पुढे नीट पाहिलंच नव्हतं. नंतर पाहायची माझी छाती झाली नव्हती. आता दोघांनी मिळून पाहिला. ती झाडाला टेकून बसली होती. एक गुडघा वर होता. एक हात डोक्याच्या वर, बोटं पसरलेली. ड्रोनचा आवाज ऐकून तिनं वर पाहिलं होतं आणि हात केला होता.

दसरूभाऊंनी पडद्याला हात लावला नाही. बघत राहिले.

“पायलं तिनं,” ते म्हणाले. “कोनीतरी आलं हे तिले समजलं.”

मग मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. भावाचा लॅपटॉप, आधी जळलेला, दिलेला शब्द, पंचाहत्तर, सत्त्याऐंशी. छत्तीस मिनिटंही सांगितली. सांगताना त्यांच्याकडे बघता येत नव्हतं, म्हणून छत्रीच्या मुठीकडे बघत होते.

“मले माहीत हाय,” ते म्हणाले.

मी वर पाहिलं.

“तुम्ही म्हनलं न, पंचाहत्तरच्या पुढं जात नाई. मग तुम्ही काईतरी दाबलं आणि गेलं पुढं. मी तेथंच होतो. मले तवाच समजलं.”

“मग बोलला का नाही?”

“कोन्या तोंडानं बोलू?” ते म्हणाले. आवाज तोच होता, सपाट. “सकाळी ती उठली न, तवा म्हनली, मले बरं नाई वाटून रायलं, गरगरते, आज नाई जात. मी म्हनलो, दोनच दिवस रायले आता पानाचे, जाऊन ये. गेली. नऊ वाजता बाया आल्या. मी साडेअकरापर्यंत घरीच बसलो. रागावली असंन, माहेरी गेली असंन, असं म्हनत बसलो.” मग म्हणाले, “हे मी पोरीलेही नाई सांगितलं.”

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती लवकर सुरू होईना. आम्ही दोघंही तिचा आवाज ऐकत बसलो. त्यांनी मला काही समजुतीचं सांगितलं नाही. मला ते हवं होतं, हे त्या वेळी कळलं. आज या गोष्टीला सात वर्षं झाली; तसं कोणी सांगितलं नाही याचं आता वाईट वाटत नाही.

शेवटी मी म्हटलं, “फोटो मोठा करून देते. फक्त रैनाबाई दिसतात तेवढा भाग कापून.”

मी मोठा करत गेले. थोडा मोठा केला तेव्हा लुगड्याचा काठ दिसत होता. आणखी केला तसा काठ तुटला, हात तुटला आणि शेवटी निळे, पिवळे, मातकट चौकोन तेवढे उरले.

“असं नको,” ते घाईनं म्हणाले. “होता तसा करा.”

मी पुन्हा पूर्ण फोटो आणला. सगळं जंगल, वाळका नाला, कोपऱ्यात पायवाट. त्यात ती नखाएवढीही नव्हती.

“अख्खाच देता?”

“देते. कुठं आहेत ते दिसावं म्हणून एक गोल काढू का बारीक?”

त्यांनी मान हलवली.

“गोल नका काढू, बाई. ती कोठं बसली हाय ते मले माहीत हाय.”

मी फोटो छापायला लावला.